माऊस नेमका कोणाच्या हातासाठी बनवतात?

तिरकीरेघ
मंडळी, माझं काम दिवसभर आराखडे काढण्याचं. उजवा हात सकाळी माऊसवर जातो तो संध्याकाळीच सुटतो. हल्ली मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, ठणका लागतो. म्हणून नवा माऊस घ्यावा म्हणून शोधायला बसले आणि डोकं भणाणून गेलं. खोक्यावर डीपीआयचे (हात एक इंच हलला की बाण किती ठिपके जातो त्याचे) भलेमोठे आकडे, दिव्यांचे रंग, बटणांची संख्या, सगळं असतं. तो कुठल्या मापाच्या हातासाठी आहे हे मात्र शोधून सापडत नाही. चप्पल घेताना नंबर विचारतात, मग दिवसभर हातात राहणाऱ्या वस्तूला एकच माप सगळ्यांना कसं चालतं?

माझं मत असं की माऊसच्या आतलं तंत्र कुठल्या कुठे गेलं, पण बाहेरचा आकार अजून फोटोत चांगला दिसावा म्हणूनच ठरतो.

दोन प्रश्न. उभा माऊस (ज्याला व्हर्टिकल म्हणतात तो) कुणी वापरलाय का? खरंच फरक पडतो का? आणि ट्रॅकबॉलवर (ज्यात माऊस न हलवता नुसता चेंडू फिरवतात) बारीक काम जमतं का?

ठोकताळा
डीपीआय ही खोक्याची शोभा. नेहमीच्या पडद्यावर हजार-दीड हजाराच्या पुढे आपल्यासारख्यांना काही कळत नाही.

निवांतनाना
ताई, तुमच्या मताला थोडा विरोध करतो. सुरुवात तरी हातापासूनच झाली होती.

१९६४ साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने पहिला माऊस बनवला तो लाकडी ठोकळा होता. एक बटण, आणि पोटाखाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. सरळ आडवं गेलात की एक चाक फिरायचं आणि दुसरं नुसतं फरफटत जायचं.

गंमत पुढे आहे. त्यांनी माऊस थेट ठरवून टाकला नाही, इतर साधनांशी शर्यत लावली. पडद्यावर टेकवून दाखवायचं लाइट पेन होतं, जॉयस्टिक होती आणि टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं एक यंत्रही होतं. या चाचण्या १९६७ साली छापून आल्या. सरावलेल्या लोकांच्या हातात माऊस सरस ठरला, पण नवख्या मंडळींना लाइट पेन आणि गुडघ्याचं यंत्र जास्त पटकन जमलं.

९ डिसेंबर १९६८ च्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात एंगलबार्टच्या उजव्या हातात तीन बटणांचा माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा छोटा कळसंच. डाव्या हाताने आज्ञा द्यायच्या, उजव्याने दाखवायचं. म्हणजे मूळ कल्पनेत काम दोन्ही हातांत वाटलेलं होतं. पुढे जगाने माऊस तेवढा उचलला आणि डाव्या हाताचं यंत्र मागे राहिलं. उजव्या हातावर सगळा भार पडला तो तेव्हापासून.

गुळवेल
गुडघ्याने चालणारा माऊस! ज्यांची अक्कल गुडघ्यात असते त्यांची काय सोय झाली असती.

ठोकताळा
@गुळवेल, आमच्या साहेबांना आजही लागू पडेल :)

भटकूनआलो
उभा माऊस बरीच वर्षं वापरतोय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

टेबलावर तळहात पालथा ठेवला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात. हस्तांदोलनाच्या स्थितीत हा पीळ सुटतो. उभ्या माऊसची सगळी कल्पना एवढीच. काही पूर्ण उभे असतात, काही तिरके. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कोन ५७ अंश आहे.

आता जे जाहिरातीत सांगत नाहीत ते. साध्या माऊसवर तुम्ही बटण खाली दाबता, तो जोर टेबलात जातो. उभ्या माऊसवर बटण आडवं दाबलं जातं, म्हणजे तोच जोर माऊसला बाजूला ढकलतो. त्यामुळे क्लिक करताना बाण एखाद-दोन ठिपके सरकतो. पत्रं लिहिणाऱ्याला कळणारही नाही, पण तुम्ही आराखड्यात रेषेचं टोक पकडायला जाल आणि शेजारची रेष हातात येईल. अंगठ्याने पलीकडून हलका आधार द्यायची सवय लागली की हे कमी होतं. थोडा जड माऊस असेल तर अजून कमी.

दुसरं, कळफलकावरून हात परत नेताना तो वरून येत नाही, बाजूने येतो. पहिले काही दिवस माऊस सारखा आडवा पडतो आणि शेजारच्यांची करमणूक होते.

कळफलकभक्त
मुळात माऊस लागतोच कशाला? शॉर्टकट शिका, हात कळफलकावरून उचलूच नका. सगळी दुखणी पळतील.

तिरकीरेघ
@कळफलकभक्त, वक्ररेषेला स्पर्शिका काढायचा शॉर्टकट आहे का तुमच्याकडे?

कळफलकभक्त
आहे. सहकाऱ्याला काढायला सांगणे.

डावराजा
रुमाल टाकून ठेवतो. डावखुऱ्यांची कैफियत सविस्तर मांडणार आहे.

स्नायूसखी
फिजिओथेरपी माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडं बोलते. इथे वाचून कुणी निदान करून घेऊ नये ही विनंती आधीच. बधिरपणा, मुंग्या किंवा पकड सैल होत असेल तर धागा बंद करून डॉक्टरकडे जा.

माऊस आणि मनगट म्हटलं की सगळे कार्पल टनेल म्हणून मोकळे होतात. त्यात दबते ती मीडियन नस. ती अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळीकडचा मामला वेगळा. तिरकीरेघ सांगतात तिथे दुखणं असेल तर आधी एक गोष्ट बघावी: माऊस धरल्यावर मनगट करंगळीच्या बाजूला वाकलंय का? वरून फोटो काढा. मधलं बोट आणि कोपर यांच्यामधली रेष सरळ हवी. बहुतेकांची ती मनगटापाशी मोडलेली दिसते.

उभा माऊस हाडांचा पीळ सोडवतो, हे भटकूनआलो यांनी बरोबर सांगितलं. पण हे बाजूचं वाकणं त्याने आपोआप जात नाही. ते बहुतेक वेळा येतं माऊस लांब असल्यामुळे. आणि माऊस लांब का जातो? कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांचा चौकोन बसलेला असतो म्हणून. हात अक्षरांवरून निघतो, तो चौकोन ओलांडतो आणि पार बाहेर जातो. खांदा उघडा, कोपर अंगापासून सुटलेलं, आणि त्याची भरपाई मनगट वाकून करतं. नवा माऊस घ्यायच्या आधी आकड्यांचा चौकोन नसलेला कळफलक वापरून बघा. तो नसेल तर आहे तोच कळफलक डावीकडे सरकवा, म्हणजे जी, एच ही मधली अक्षरं तुमच्या नाकासमोर येतील.

आणि ती जेलची उशी! तिच्यावर मनगट रुतवून माऊस फिरवू नका. ती थांबलेल्या हाताला टेकायला आहे. हात हलताना कोपरापासून हलावा.

पारवा
+१. चौकोनाबद्दल शंभर टक्के.

डावराजा
माझी कैफियत मांडायच्या आधीच स्नायूसखींनी तिचा शेवट फिरवला!

लिहिणार होतो ते असं. हाताच्या आकारात घडवलेला, अंगठ्याला खोबण असलेला प्रत्येक चांगला माऊस उजव्या हातासाठी. आमच्यासाठी साबणाच्या वडीसारखे दोन्हीकडून सारखे असलेले, तेही अंगठ्याची बटणं डावीकडेच ठेवून, म्हणजे ती आमच्या करंगळीखाली. सेटिंगमध्ये बटणं उलटी केली तरी दुसऱ्याच्या यंत्राला दुरून जोडलं की काय उलटं आणि काय सुलटं याचा मेळ लागत नाही. शिवाय पडद्यावरचा बाण डावीकडे झुकलेला. आमचा हात दुसऱ्या बाजूने येतो हे त्या बाणाच्या गावीही नाही.

पण आकड्यांचा चौकोन उजवीकडे असल्याने आमचा माऊस अक्षरांच्या अगदी शेजारी बसतो! म्हणजे या एका बाबतीत डावखुरे उजवे.

निवांतनाना
@डावराजा, बाण झुकण्याचं कारण वेगळं आहे. एंगलबार्टकडे तो सरळ वर बघायचा. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या यंत्रांच्या पडद्यावर ठिपके मोजके होते, त्यात असा झुकलेला बाण जास्त स्पष्ट दिसायचा. एक कड सरळ उभी, दुसरी ४५ अंशात, म्हणजे ठिपक्यांत नीट बसतो. तुमच्याविरुद्ध कट वगैरे काही नव्हता.

डावराजा
कट करणारे नेहमी असंच म्हणतात नाना.

सायसाखळी
आकारावर सगळे बोलतायत, बटणांवर कुणी नाही. माझ्या मते माऊसमधला सगळ्यात मोठा वाद बटणांचाच.

झेरॉक्सच्या आल्टो संगणकाच्या माऊसला तीन बटणं होती. त्यांच्याच १९८१ च्या स्टार संगणकावर दोन आली. १९८३ मध्ये अॅपलच्या लिसा संगणकाबरोबर एकच बटण आलं. त्यामागे अॅपलमधल्या लॅरी टेस्लरसारख्या लोकांचा आग्रह होता: नवख्या माणसाला कुठलं बटण दाबायचं हा प्रश्नच पडता कामा नये. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा पहिला माऊस आला तो दोन बटणांचा.

एका बटणाचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण कामं तेवढीच राहिली, त्यामुळे ती दुसरीकडून बाहेर आली. एकदा दाबलं तर निवड, दोनदा दाबलं तर उघड, कळ धरून दाबलं तर आणखी काही. म्हणजे शिकायला सोपं केलं आणि वापरायला अवघड.

डबल क्लिक हा तर मला वयस्कर माणसांवरचा अन्याय वाटतो. माझ्या आत्याला शिकवताना जवळून पाहिलं. पहिलं क्लिक छान होतं. दुसऱ्यासाठी ती बोट जरा जास्त उंच उचलते, बोटाबरोबर अख्खा तळवा ताठ होतो, आणि दुसरं क्लिक पडेपर्यंत माऊस केसभर पुढे सरकलेला असतो. यंत्र समजतं की तिला चित्र ओढून न्यायचंय. फोल्डर दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतं आणि आत्या म्हणते, "माझ्याकडूनच काहीतरी बिघडलं."

उपाय साधे आहेत. डबल क्लिकचा वेग हळू करा. नाहीतर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा. विंडोजमध्ये एका क्लिकवर फाइल उघडण्याची सोयही आहे, ती फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेली असते.

पारवा
आत्याबाईंना सांगा, बिघडलं ते त्यांच्याकडून नाही. माझे वडील एंटरवर आले आणि घरात शांतता झाली.

सोल्डरवाला
डबल क्लिकचा विषय निघालाच आहे तर त्याचा उलटा रोग सांगतो: एकदा दाबलं तरी दोनदा पडणे. एका नावाजलेल्या कंपनीच्या माऊसने मला हा छळ दिला, म्हणून उघडून बघितला.

बटणाखाली नखाएवढा मायक्रोस्विच असतो. त्यात पातळ पत्र्याची एक स्प्रिंग, ती टक् करून पलटते आणि संपर्काला भिडते. भिडताना ती दोन-चारदा उडते, काही मिलिसेकंदांपुरती. माऊसमधली चिप तेवढा वेळ कानाडोळा करते, म्हणून आपल्याला एकच क्लिक दिसतं. स्प्रिंग थकली किंवा संपर्कावर ऑक्साइडचा थर बसला की उडणं लांबतं, कानाडोळ्याची मुदत संपते आणि चिप दुसरं क्लिक मोजते. खोक्यावरचे एक कोटी, दोन कोटी क्लिकचे आकडे स्विचच्या यांत्रिक आयुष्याचे असतात. थर कधी चढेल हे ते सांगत नाहीत.

ओळखायची खूण: लांबलचक मजकूर ओढून निवडा. मध्येच निवड सुटत असेल तर स्विच गेला. झाकण उघडून तसलाच दुसरा स्विच सोल्डर करून बसवता येतो. झाकणाचे स्क्रू बहुधा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या मागे लपवलेले असतात, हे कळेपर्यंत लोक झाकण तोडतात.

नव्या काही माऊसमध्ये प्रकाशाचा स्विच असतो. बटण दाबलं की प्रकाशाची वाट अडते किंवा मोकळी होते. धातूला धातू भिडतच नाही, त्यामुळे हा रोग मुळातच नाही.

गुळवेल
अवांतर: गोळीवाला माऊस आठवतोय का कुणाला? खालची तबकडी फिरवली की रबरी गोळी हातात. आत दोन दांड्या, आणि त्यांच्यावर मळाचा काळा पट्टा. तो नखाने नीट धरला तर अख्खी कडी एका दमात निघायची. त्याइतकं समाधान आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअर अपडेटमध्ये नाही.

ठोकताळा
आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये गोळ्या चोरीला जायच्या. सकाळी पहिल्या तासाला निम्मे माऊस पोकळ.

पारवा
आमच्याकडे शेवटी झाकणं चिकटवून टाकली होती. मग मळ काढायची सोय गेली आणि सगळे बाण लंगडत चालायचे.

निवांतनाना
गोळीच्या माऊसबद्दल एक. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीने १९६८ सालीच गोळीवाला माऊस काढला होता, रोलकुगेल नावाचा. बिल इंग्लिशनेही पुढे झेरॉक्स पार्कला गेल्यावर चाकांऐवजी गोळी आणली. आणि लिसाच्या माऊसचा नमुना करताना डिझायनरांनी अंगाला लावायच्या रोल-ऑन बाटलीतली गोळी काढून वापरली होती.

गुळवेल
म्हणजे पहिला सुगंधी माऊस.

अनुपात
आतापर्यंत सगळे हातात काय आहे यावर बोलले. मला वाटतं निम्मी सोय-गैरसोय पडद्यावर ठरते.

१९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं छोटं, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश (हो, तोच बिल इंग्लिश) आणि बर यांनी माऊस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. माऊसचा वेळ फिट्सच्या हिशोबात बसला आणि तो सगळ्यांत जलदही ठरला.

या नियमातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे पडद्याची कड. बाण कडेला जाऊन अडतो, पुढे जात नाही. त्यामुळे कडेवरचं बटण कितीही जोरात गाठा, चुकत नाही. कोपरा तर दोन्हीकडून अडवतो. अॅपलचा मेनू पडद्याच्या माथ्यावर चिकटलेला असतो त्याचा फायदा हाच. आता दोन पडदे शेजारी लावा, मधली कड नाहीशी. बाण सरळ शेजारच्या पडद्यावर घरंगळतो आणि तुम्ही खिडकी बंद करायच्या फुलीभोवती घिरट्या घालत बसता. मनगटाचं बारीक काम वाढतं ते इथे.

ताई, तुमच्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं किती बारीक ठेवली आहेत ते बघा. मोठी करता येतात. दिसायला गावठी दिसतील, पण हात वाचेल.

फटाकडी
मी गेम खेळते, माझा सल्ला: बाणाचा प्रवेग बंद करा. विंडोजमध्ये त्याचं नाव "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन", काम मात्र उलटं. तुम्ही माऊस किती वेगाने हलवता त्यावर बाण किती जाणार ते बदलतं. हाताला अंतराची सवयच लागत नाही. आणि हो, पोलिंग रेट. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा सांगतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. १००० वर ठेवला की दर १ मिलिसेकंदाला.

अनुपात
@फटाकडी, खेळात मान्य. पण दिवसभर काम करणाऱ्याला प्रवेग उपयोगीच आहे. पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं तर एक झटका पुरतो, आणि बारीक जागी हळू हलवलं की बाणही हळू. तो बंद केला की एकतर लांबवर हात न्यायचा, नाहीतर वेग वाढवून बारीक कामाची माती करायची.

फटाकडी
लांबवर हात न्यायचा हेच तर म्हणतेय. आम्ही मोठी चटई घेतो, बाण हळू ठेवतो आणि कोपरापासून हात फिरवतो. स्नायूसखीताईंनीही कोपरच सांगितलं ना? मनगटावर बसून बोटांनी माऊस नाचवणाऱ्यांचं दुखतं.

स्नायूसखी
@फटाकडी, खेळणाऱ्यांचंही दुखतंच गं, माझ्याकडेच येतात :) पण कोपराचा मुद्दा बरोबर. एक मात्र आहे, माऊस गच्च आवळून धरायचा नाही. खेळात चुरस आली की सगळे आवळतात.

सायसाखळी
आकारावरून आठवलं. १९९८ मध्ये अॅपलच्या आयमॅकबरोबर तो पूर्ण गोल माऊस आला होता. दिसायला सुरेख, पण हातात घेतल्यावर वरची बाजू कुठली ते कळायचं नाही. बाण भलतीकडेच तिरका जायचा. २००० साली तो बदलला. पुढे २०१५ च्या मॅजिक माऊसला चार्जिंगची खाच पोटाखाली दिली. चार्जिंगला लावला की उंदीर उताणा, वापर बंद. २०२४ मध्ये खाचेचा प्रकार बदलला, जागा तीच. तिरकीरेघ यांचं "फोटोसाठी आकार" हे मत इथे तरी पटतं.

कळफलकभक्त
उताणा का होईना, दोन मिनिटं हाताला विश्रांती तर मिळते.

टेकूनबसा
ट्रॅकबॉलचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून मी.

ट्रॅकबॉल माऊसहून जुना. ब्रिटनमध्ये रॅल्फ बेंजामिनने १९४६ मध्ये त्याची कल्पना मांडली होती, आणि कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ मध्ये बनवलेल्या यंत्रात चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता. फायदा उघड आहे: हात जागेवर, टेबलावर जागा लागत नाही, फक्त चेंडू फिरतो.

दोन जाती आहेत. एकात चेंडू अंगठ्याखाली, दुसऱ्यात मधोमध, बोटांखाली. बारीक कामाला दुसरी जात घ्या. अंगठा ताकदवान आहे पण नाजूक कामात तर्जनीची सर त्याला नाही, आणि सगळा भार त्याच्यावर टाकला की अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. एक दुखणं देऊन दुसरं घेतल्यासारखं. रेषेचं टोक पकडणं जमतं, त्याला सराव लागतो. जमत नाही ते म्हणजे बटण दाबून धरून लांब ओढणं. एक बोट बटणावर, बाकीची चेंडूवर, मध्येच बोटं उचलून चेंडू परत फिरवायचा. तिथे माऊसच बरा.

चेंडू ज्या तीन ठिपक्यांवर टेकतो तिथे मळ साचतो. @गुळवेल, तुमचं हरवलेलं समाधान इथे मिळेल.

गुळवेल
मागवतो आजच.

वाटसरू_निमूट
जरा वेगळी अडचण. बिनतारी माऊस, बॅटरी नवी, तरी बाण अडखळत चालतो. बाहेरची हार्डडिस्क जोडली की जास्तच.

सोल्डरवाला
@वाटसरू_निमूट, निदान तुम्हीच केलंत. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. तुमच्या माऊसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतो आणि बहुधा हार्डडिस्कच्या खाचेला खेटून बसलाय. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा, किंवा छोटी वाढीव वायर घेऊन माऊसजवळ आणा.

वाटसरू_निमूट
दुसऱ्या बाजूला लावला. लोण्यासारखा चालतोय. आभार.

ठोकताळा
काचेच्या टेबलावर माऊस नाचतो त्याचंही कुणीतरी सांगा.

अनुपात
प्रकाशाचा माऊस म्हणजे खालून टेबलाचे फोटो काढणारा छोटा कॅमेरा. मागचा आणि पुढचा फोटो ताडून किती सरकलो ते काढतो. १९९९ च्या मायक्रोसॉफ्टच्या माऊसमध्ये असे सेकंदाला १५०० फोटो निघायचे. त्याआधी १९८० च्या सुमाराच्या प्रकाशाच्या माऊसना खास छापील चटई लागायची. स्वच्छ काचेवर टिपण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तो गोंधळतो. काचेवर चालणारे सेन्सर २००९ पासून आहेत, पण कागद खाली घातला की तेच काम होतं.

तिरकीरेघ
सगळ्यांचे मनापासून आभार. वरून फोटो काढला. स्नायूसखी म्हणाल्या तसंच, मनगटापाशी रेष मोडलेली आहे. कळफलक डावीकडे सरकवलाय. खांद्याला लगेच जाणवलं, मनगटाचं कळायला वेळ लागेल. नवीन माऊस तूर्तास थांबवला.

एक मात्र कुणाच्या बोलण्यात आलं नाही. माझं मधलं बोटही दुखतं.

भटकूनआलो
@तिरकीरेघ, आराखडा सरकवताना चाक दाबून धरता का?

तिरकीरेघ
हो, सतत. चाक फिरवून लहानमोठं करायचं, दाबून धरून सरकवायचं.

भटकूनआलो
मग चोर सापडला. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसबरोबर चाक घरोघर पोहोचलं ते पानं वरखाली करण्यासाठी. आराखड्याच्या सॉफ्टवेअरनी त्यालाच तिसरं बटण करून टाकलं. चाकाची स्प्रिंग साध्या बटणापेक्षा कडक असते, वर ते गोल, म्हणजे बोट घसरू नये म्हणून जास्त आवळावं लागतं. आणि असं दाबून धरून तुम्ही अख्खा माऊस ओढता. दिवसभर.

अंगठ्याकडे दोन बटणं असलेला कुठलाही माऊस घ्या आणि त्यातल्या एकाला "मधलं बटण" हे काम नेमून द्या. माऊसबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, नाहीतर आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. अंगठा नाहीतरी बाजूला टेकलेलाच असतो.

पारवा
हे वाचून मीही बदललं. ब्राउझरमध्ये टॅब बंद करायला चाक दाबायची सवय होती, आता अंगठा.

टेकूनबसा
अंगठ्यावर फार भार टाकू नका म्हणून मी वर बोंबललोय, ते या नादात विसरू नका. सरकवायचं काम दोघांत वाटा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कळफलकाची एखादी कळ धरूनही सरकवता येतं. डावा हात रिकामाच बसलेला असतो.

निवांतनाना
बघा, फिरून एंगलबार्टच्या पाच पट्ट्यांपाशी आलो की नाही.

तिरकीरेघ
अंगठ्याचं बटण नेमलं. हात अजून सवयीने चाकावर जातो, पण गेल्यावर लक्षात तरी येतं. आता पुढचा विचार: सोपी कामं डाव्या हाताने करून उजव्याला सुट्टी द्यावी. डावराजा, डाव्या हाताला काय घेऊ? तुमच्याकडे तर सगळे उजवेच माऊस येतात म्हणालात.

डावराजा
दोन्हीकडून सारखा असलेला साधा, हलका माऊस, तारेचा. बटणं उलटी करू नका, तशीच ठेवा, नाहीतर हात बदलला की दर वेळी सेटिंग बदलत बसाल. डाव्या हाताला मधल्या बोटाने मुख्य क्लिक करायची सवय लवकर लागते. सुरुवातीला फक्त वाचण्याची, पानं सरकवण्याची कामं द्या. दोन माऊस एकाच वेळी जोडलेले चालतात, बाण एकच राहतो.

टेकूनबसा
किंवा मधोमध चेंडूवाला ट्रॅकबॉल डावीकडे. त्याला डावं-उजवं नसतं. फक्त घेताना पोटाखालचा आकार बघा, काहींना एका बाजूला उतार दिलेला असतो.

कळफलकभक्त
दोन माऊस आणि एक ट्रॅकबॉल. एवढ्यात शॉर्टकट पाठ झाले असते.